फोन त्यांच्याच हातात राहू द्या : खान्देशातल्या गावात मोबाइल शिकवायचा तर

देशातले पहिले आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यात, शहादा तालुक्यातल्या टेंभली गावी दिले गेले. ओळखपत्राच्या बाबतीत खान्देश देशाच्या एक पाऊल पुढेच होता म्हणायचा. पण यंत्रावर अंगठा ठेवताना 'हा कशासाठी?' एवढं विचारायला कुणी शिकवलं नाही. केंद्र सरकारची ग्रामीण डिजिटल साक्षरतेची मोहीम २०१७ मध्ये आली. तिच्यात २० तासांचं शिक्षण होतं, पण वयाची अट १४ ते ६० होती. पासष्टीच्या आबांना आणि सत्तरीच्या माईंना कुणी शिकवायचं, हा प्रश्न घराघरांतल्या पोरांवर आला आणि पोरांनी सोपा मार्ग धरला : 'आणा इकडे, मीच करून देतो.'

तिथेच शिकवणं संपतं. पुढचं सगळं एकाच नियमावर उभं आहे. शिकणाऱ्याचा फोन शिकणाऱ्याच्या हातातून सुटता कामा नये. तुम्ही बोट दाखवा, तोंडाने सांगा, हवं तर स्वतःच्या फोनवर करून दाखवा. काम दहा मिनिटांऐवजी चाळीस मिनिटं चालेल. चालू द्या.

वेळ, जागा, माणसं

एका बैठकीला पाच ते सहा जण पुरे. आठाच्या वर गेले की मागचे नुसते माना डोलवतात. एक बैठक सव्वा तासाची आणि आठवड्यातून दोनच, म्हणजे मधल्या दिवसांत घरी हात फिरतो. कापूस वेचणीच्या दिवसांत वर्ग काढू नका, कुणी येणार नाही. रावेर-यावलच्या केळी पट्ट्यात कापणीची गाडी कधी लागेल याचा नेम नसतो, म्हणून तिथे रात्री जेवणानंतरचीच वेळ धरा. बायकांचा वर्ग वेगळा घ्या आणि बचत गटाच्या बैठकीला जोडून घ्या. सासऱ्यांसमोर सून फोनवर चुकायला धजत नाही, आणि चुकल्याशिवाय येत नाही.

भाषा घरचीच ठेवा. 'नोटिफिकेशन'चा अर्थ सांगत बसण्यापेक्षा बोट ठेवून 'हाऊ मेसेज कोना शे?' असं अहिराणीत विचारा. धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवर भिली किंवा पावरी बोलणारा सोबती घेतल्याशिवाय जाऊच नका. बोलून लिहिण्याची सोय मराठी कीबोर्डात आहे आणि ज्यांना टाइप जमत नाही त्यांना ती वरदान आहे, पण ती प्रमाण मराठीवर बेतलेली. अहिराणीत बोललं तर भलतंच उमटतं आणि माणूस समजतो की आपलंच चुकलं. हे आधीच सांगून टाका.

पहिली बैठक : फोन माणसाजोगा करा

पहिल्या दिवशी पैशांचं नाव काढायचं नाही. सेटिंगमध्ये जाऊन भाषा मराठी करा, अक्षरांचा आकार दोन पायऱ्या वाढवा, स्क्रीनला सहा अंकी कुलूप लावा. जन्मसाल किंवा गाडीचा नंबर नको, ते गावाला पाठ असतं.

मग साठवणीकडे वळा. 'फोन अडकतो' या तक्रारीमागे बहुतेक वेळा भरलेली साठवण असते आणि ती भरते व्हॉट्सॲपवरच्या शुभ सकाळने. व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये 'स्टोरेज आणि डेटा'खाली आपोआप डाउनलोडचे पर्याय आहेत. मोबाइल डेटावर असताना फोटो, आवाज, व्हिडिओ, कागदपत्रं या चारही खुणा काढा. जागा नसली की बँकेचं ॲप अद्ययावत होत नाही आणि ऐन वेळी उघडत नाही. त्याच बैठकीत व्हॉट्सॲपचा सहा अंकी 'टू-स्टेप' पिन लावा. म्हणजे कुणी ओटीपी काढून घेतला तरी खातं सहजासहजी दुसऱ्या फोनवर उघडता येत नाही.

*#०६# डायल केलं की स्क्रीनवर आयएमईआय, म्हणजे त्या फोनचा ओळख क्रमांक, येतो. तो वहीत लिहून घ्या. फोन बाजारात हरवला तर पोलिसांत नोंद करून दूरसंचार विभागाच्या संचार साथी पोर्टलवर तो फोन बंद पाडता येतो. आपल्या नावावर किती सिमकार्ड चालू आहेत हेही तिथेच दिसतं. यादीत अनोळखी नंबर निघाला तर 'हा माझा नाही' म्हणून तिथेच कळवता येतं.

नंबर कुणाच्या खिशात आहे?

हा मुद्दा कुठल्या पुस्तिकेत फारसा सापडत नाही, पण खान्देशात निम्मी कामं इथेच अडतात. आधार काढताना घरात एकच मोबाइल होता, म्हणून सगळ्यांच्या आधारला तोच नंबर जोडला गेला. आता तो मोबाइल घेऊन मोठा मुलगा सुरतला कामाला आहे किंवा कुटुंब ऊसतोडीला गेलं आहे. माई इथे ई-केवायसीला बसल्या की ओटीपी वाजतो सुरतेत. काही ठिकाणी तर अर्ज भरून देणाऱ्यानेच स्वतःचा नंबर टाकून ठेवलेला असतो.

दुसऱ्या बैठकीत प्रत्येकाला दोन ओळी लिहायला लावा : माझ्या आधारला कोणता नंबर, माझ्या बँक खात्याला कोणता. माहीत नसेल तर आधारच्या संकेतस्थळावर तपासा किंवा आधारच्या मदतीच्या १९४७ या नंबरवर विचारा. आधारचा नंबर आधार केंद्रावर बदलता येतो, बँकेचा नंबर शाखेत बदलतो. 'फोनवरून बदलून देतो' म्हणणारा ठग समजावा. ही दुरुस्ती होईपर्यंत पुढची निम्मी शिकवणी कोरडीच जाते, म्हणून घाई करून तिसरी बैठक उरकू नका.

पैसे : एक रुपयाचा सराव

यूपीआय शिकवण्याची एकच रीत चालते. समोरासमोर बसलेल्या दोघांनी एकमेकांना एक रुपया पाठवायचा. पाठवणाऱ्याला पिन टाकावा लागतो, घेणाऱ्याला काहीच करावं लागत नाही. हे पाच वेळा उलटसुलट करून घेतलं की 'पैसे मिळवायला पिन टाका' हे वाक्य ऐकताच कान टवकारतात. ओएलएक्सवर म्हैस किंवा ट्रॅक्टर विकायला टाकल्यावर 'मी फौजी आहे, आगाऊ रक्कम पाठवतो, हा क्यूआर स्कॅन करा' म्हणणाऱ्यांची सगळी चाल या एका गैरसमजावर उभी असते.

स्कॅन केल्यावर स्क्रीनवर येणारं नाव मोठ्याने वाचायची सवय लावा. ते बँकेत नोंदवलेलं नाव असतं, दुकानाची पाटी नव्हे. म्हणून पाटीवर किराणा भांडार आणि स्क्रीनवर मालकाच्या बायकोचं नाव दिसलं तर घाबरायचं नाही, दुकानदाराला विचारायचं. तो म्हणाला 'हे आमचं नाही', तर खऱ्या क्यूआरवर कुणी दुसरा चिकटवला आहे. सारंगखेड्याच्या यात्रेत किंवा आठवडे बाजारात गर्दीच्या वेळी विक्रेत्यांनी उलट बाजू सांभाळायची : गिऱ्हाइकाने दाखवलेल्या हिरव्या खुणेवर माल सोडायचा नाही. ती खूण बनावट ॲपमध्येही उमटते. स्वतःच्या फोनवरचा संदेश किंवा पैसे आल्याचं बोलून सांगणारा दुकानातला डबा, हेच प्रमाण.

पैसे कापले गेले आणि समोरच्याला मिळाले नाहीत तर पुन्हा पाठवू नका. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार एका व्यक्तीकडून दुसऱ्या व्यक्तीला पाठवलेली अशी रक्कम पुढच्या दिवसापर्यंत परत आली पाहिजे. दुकानाच्या व्यवहाराला पाच दिवसांची मुदत आहे, आणि त्यापुढे दर दिवशी १०० रुपये भरपाई. खरी चूक या मधल्या वेळेत होते. माणूस गूगलवर 'कस्टमर केअर' शोधतो आणि सगळ्यात वर असलेला नंबर लावतो. तो ठगाने टाकलेला असू शकतो. तक्रार नेहमी ॲपमधल्या त्याच व्यवहारावर बोट ठेवून करायची, नाहीतर पासबुकावर छापलेल्या नंबरवर.

साधा बटणांचा फोन असलेल्यांना वगळू नका. *९९# वर इंटरनेटशिवाय पैसे पाठवता येतात. एका वेळी मर्यादा ५,००० रुपये. बँकेला जोडलेलं सिम त्याच फोनमध्ये हवं आणि पहिल्यांदा पिन ठरवताना डेबिट कार्ड जवळ हवं. मोलगी-तोरणमाळच्या बाजूला जिथे सिग्नलच नाही तिथे मात्र तेही चालत नाही. तिथे रोख रक्कमच ठीक, त्यात कमीपणा काही नाही.

अंगठा

आधारवर पैसे काढून देणाऱ्या केंद्रात ओटीपी लागत नाही, पिनही लागत नाही. अंगठा हाच पिन. म्हणून तिथला नेहमीचा फसवण्याचा प्रकार अगदी साधा आहे : 'लागला नाही, पुन्हा लावा.' पहिला अंगठा प्रत्यक्षात लागलेला असतो, दुसऱ्याने दुसरी रक्कम निघते. उपाय तेवढाच साधा. आधी फक्त शिल्लक विचारा. मग रक्कम सांगा, यंत्राच्या स्क्रीनवर तीच दिसते का बघा किंवा सोबतच्याला वाचायला लावा, तेव्हाच अंगठा ठेवा. 'लागला नाही' म्हटलं तर अयशस्वी व्यवहाराची पावती मागा. पावती हातात आल्याशिवाय दुसऱ्यांदा बोट द्यायचं नाही.

नेहमी केंद्रातून पैसे न काढणाऱ्यांनी आधारचे बायोमेट्रिक कुलूपबंद करून ठेवावेत. आधारच्या अधिकृत ॲपवर किंवा संकेतस्थळावर ते होतं, पण आधारला जोडलेला नंबर हातात हवा. मागचा मुद्दा आधी का, ते आता कळलं असेल. इथे एक गोची आहे. कुलूप असताना रेशन दुकानावरच्या यंत्रातही अंगठा चालत नाही आणि माणूस रांगेतून रिकामा परततो. कुलूप लावायला शिकवाल तेव्हा ते उघडायलाही त्याच बैठकीत दोनदा शिकवा. ज्यांना ते जमत नाही आणि रेशन दर महिन्याला लागतं, त्यांना कुलूप लावून देऊ नका. सुरक्षेच्या नावाखाली माणूस धान्याला मुकणार असेल तर ती सुरक्षा काय कामाची?

लग्नपत्रिका, चलान आणि पीएम किसान

लग्नसराईत व्हॉट्सॲपवर पत्रिका येते. फोटो असेल तर ठीक. नावाच्या शेवटी 'एपीके' असेल तर ती पत्रिका नव्हे, ॲप आहे. तीच गोष्ट वाहतूक चलान आणि पीएम किसानच्या हप्त्याची. कहर म्हणजे पाठवणारा ओळखीचा असतो, कारण त्याचा फोन आधीच ताब्यात गेलेला असतो. म्हणून 'अनोळखी माणसाचं उघडू नका' ही शिकवण इथे उपयोगाची नाही. पाठवणारा कोण हे बघायचं नाही, फाइल कसली ते बघायचं.

आत काय घडतं हेही सांगा, नुसती भीती घालू नका. ॲप बसताना 'एसएमएस वाचायची परवानगी द्या' म्हणतं. ती दिली की बँकेचे ओटीपी परस्पर ठगाकडे जातात आणि पैसे निघत असताना तुमचा फोन शांत असतो. काही ॲप अॅक्सेसिबिलिटीची परवानगी मागतात, म्हणजे स्क्रीनवरचं सगळं त्यांना दिसतं. शेतातल्या पाटाचं दार दुसऱ्याच्या हाती देण्यासारखंच हे. वर्गात प्रत्येकाच्या फोनवर सेटिंगमध्ये 'अनोळखी ॲप इन्स्टॉल करणे' शोधा आणि व्हॉट्सॲप, क्रोम, फाइल्स या तिघांच्या पुढची परवानगी बंद करा. यात दोन मिनिटं जातात. अख्ख्या शिकवणीतलं एकच काम करायला वेळ असेल तर हेच करा.

बसलंच असं ॲप, तर क्रम असा. आधी विमान मोड चालू करा. सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घाला. तिथून बँकेला फोन करून यूपीआय, कार्ड, नेट बँकिंग सगळं थांबवा, लगेच सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा १९३० हा नंबर लावा. मग त्या फोनमधलं ॲप काढा. निघत नसेल तर त्याला दिलेली डिव्हाइस अॅडमिनची परवानगी आधी काढावी लागते. फोटो दुसरीकडे घेऊन फोन फॅक्टरी रीसेट करणं सगळ्यात खात्रीचं. ठगाने कॉल दुसरीकडे वळवले असतील तर ##००२# डायल केल्याने ते वळण रद्द होतं.

१९३० ला किती लवकर फोन लागतो यावर सगळं आहे. रक्कम एका खात्यातून दुसऱ्या, तिसऱ्या खात्यात उड्या मारते. ती मधेच गोठवता आली तरच परत मिळण्याची आशा. फोन लावण्याआधी बँकेचं नाव, खाते क्रमांक, व्यवहाराचा बारा अंकी यूटीआर क्रमांक, वेळ आणि रक्कम कागदावर मांडा. तक्रार सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन वरही नोंदवता येते. बँकेला लेखी कळवायला विसरू नका. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकानुसार दोष ग्राहकाचाही नाही आणि बँकेचाही नाही अशा फसवणुकीत बँकेचा संदेश आल्यापासून तीन कामकाजी दिवसांत कळवलं तर ग्राहकावर भुर्दंड येत नाही. पिन आपणच सांगितला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान आपलं, कळवल्यानंतरचं बँकेचं. म्हणजे लाज वाटून गप्प बसण्याचे पैसे मोजावे लागतात. घरच्यांनीही 'तुला अक्कल नाही का' म्हणून तोंडसुख घेऊ नये, नाहीतर पुढच्या वेळी आबा सांगणारच नाहीत.

पोलिसाचा व्हिडिओ कॉल, मुलाचा आवाज

'डिजिटल अटक' नावाची गोष्ट कायद्यात नाही. पोलीस, सीबीआय, न्यायालय यांच्यापैकी कुणीही व्हिडिओ कॉलवर अटक करत नाही, खातं तपासायला पैसे मागत नाही. फोन ठेवायचा. 'फोन ठेवला तर गुन्हा' असं तो म्हणेल, तरी ठेवायचा.

आवाजाची नक्कल आता सहज होते. त्यावर तांत्रिक उपाय शोधत बसू नका, घरात एक खुणेचा प्रश्न ठरवा. उत्तर फेसबुकवर नसावं : आजीच्या गाईचं नाव, विहिरीजवळच्या झाडाची जात. पैशासाठी घाईचा फोन आला की आधी तो प्रश्न, तोही अहिराणीत. मग फोन ठेवून मुलाच्या नेहमीच्या नंबरवर आपण लावायचा.

शेताची कामं

इथे माणूस स्वतःहून शिकतो, कारण गरज असते. ई-पीक पाहणी, म्हणजे आपल्या पिकाची नोंद आपणच ॲपवर करणं, २०२१ पासून चालू आहे. शेतात उभं राहूनच पिकाचा फोटो घ्यावा लागतो, घरून जुना फोटो चालत नाही. फोनचं लोकेशन चालू करून मोकळ्या जागी एक-दोन मिनिटं थांबा, मगच कॅमेरा उघडा. नाहीतर ॲप तुम्हाला गटाबाहेर दाखवतं. गट नंबर सातबाऱ्यावरून आधीच लिहून न्या. कपाशीत तूर असेल तर मिश्र पीक नोंदवा. नोंद चुकली तर ४८ तासांत एकदा दुरुस्त करता येते, म्हणून त्याच संध्याकाळी ती पुन्हा उघडून वाचा. डिजिटल सहीचा सातबारा महाभूमीच्या संकेतस्थळावर १५ रुपयांत निघतो. नुसता बघायचा असेल तर भूलेखवर फुकट दिसतो, पण तो कार्यालयात चालत नाही. सीसीआयला (भारतीय कापूस महामंडळाला) हमीभावाने कापूस द्यायचा तर २०२५ पासून कपास किसान ॲपवर नोंदणी आली. विजांचा इशारा देणारं दामिनी ॲप ठेवा, गुराख्याच्या फोनमध्ये आधी.

केळीचे भाव बऱ्हाणपूरकडे बघून ठरतात आणि ते व्हॉट्सॲपवर फिरतात. त्या संदेशात तारीख, बाजार आणि मालाची प्रत या तीन गोष्टी नसतील तर तो भाव नव्हे, गप्पा आहेत. कालचा चढा भाव आज फिरवला जातो, उतरलेलाही. दोन वेगळ्या व्यापाऱ्यांना फोन लावल्याशिवाय सौदा करू नका. पावसाळ्यात हतनूर धरणाचे सगळे ४१ दरवाजे उघडल्याचा व्हिडिओ आला तरी हाच नियम. आवाज आणि पाणी खरंच असतं, वर्ष जुनं असतं. जिल्हा प्रशासनाचा संदेश बघा आणि मगच पुढे पाठवा.

जळगावच्या सराफ बाजारात जाणाऱ्या बायकांना एक गोष्ट हमखास आवडते. दागिन्यावरचा सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा ओळख क्रमांक, 'बीआयएस केअर' ॲपमध्ये टाकला की दागिन्याचा प्रकार आणि शुद्धता दिसते. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कच्या दागिन्यावर तो सक्तीचा आहे. पाटल्या हातात घेऊन स्क्रीनवर अंगठी दिसली तर तिथेच विचारायचं. ज्या वर्गात यूपीआयने जांभया येतात तिथे हे आधी घ्या.

सिम आणि फोन बदलताना

स्वस्तातला प्लॅन मिळाला म्हणून जुनं सिम डब्यात टाकलं जातं. ९० दिवस वापर नसेल तर कंपनी तो नंबर बंद करू शकते आणि काही काळाने दुसऱ्याला देते. बँकेचे संदेश मग त्याच्याकडे जातात. नंबर सोडायच्या आधी बँक, आधार, गॅस, रेशन आणि पीएम किसान या पाचही ठिकाणी नवा नंबर लावा. नंबर तोच ठेवून फक्त कंपनी बदलायची असेल तर १९०० वर पोर्टचा संदेश पाठवायचा आणि आलेला कोड नव्या कंपनीच्या दुकानात द्यायचा. नंबर तोच राहतो, म्हणून या पाच ठिकाणी काहीच बदलावं लागत नाही.

जुना फोन भाच्याला देताना किंवा दुकानात विकताना आधी यूपीआय ॲपमधून खातं काढा, व्हॉट्सॲप नव्या फोनवर सुरू झालं याची खात्री करा, गूगल खात्यातून बाहेर पडा आणि शेवटी फॅक्टरी रीसेट करा. रीसेट आधी केलं आणि गूगलचा पासवर्ड आठवत नसेल तर फोन अडकून बसू शकतो. दुकानदाराने 'मी करून घेतो, ठेवून जा' म्हटलं, तर त्याच्यासमोर बसून स्वतःच्या हाताने करा.